कन्यावंतांची जमाबंदी

जमीन महसुलाच्या खात्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला जगातील यच्चयावत वस्तूंकडे आकारणी, वसुली आणि सूट या तीनच दृष्टींनी पाहण्याची खोड जडते, आणि ती खोड कचेरीच्या दारापाशी ठेवून घरी यावे एवढे भान त्याला बहुधा राहत नाही. माझेही तसेच झाले आहे. मी महसूल खात्यातला एक जुना अव्वल कारकून, वास्तव्य पुण्यात, पदरी दोन कन्या, थोरली एकोणीस वर्षांची आणि धाकटी सोळा सरून सतराव्यात पदार्पण केलेली. तरुण मुले-मुली एकमेकांसमवेत हिंडूफिरू लागली म्हणजे त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या ठायी जी चिंता उत्पन्न होते, तिची आकारणी आपल्या समाजात अत्यंत अन्यायाने झालेली आहे, असे माझे प्रदीर्घ अवलोकनान्ती मत बनले असून, त्या अन्यायाचे निवारण व्हावे म्हणून ही कैफियत सादर करीत आहे. मात्र कोणत्याही दाव्यात मागणीच्या आधी पूर्वपीठिका मांडावी लागते, त्या शिरस्त्यास अनुसरून प्रथम थोडा इतिहास सांगतो.

मुलीच्या बापाची चिंता हे एक वंशपरंपरागत वतन आहे. पिढ्यान्पिढ्या बदलत गेले ते चिंतेचे निमित्त. रक्कम कधी घटली नाही. माझ्या आजीचे लग्न १९३० सालच्या माघात झाले. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून शारदा कायदा अमलात येऊन चौदा वर्षांखालील मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा ठरणार होता, आणि ती तारीख उजाडण्यापूर्वी कार्य उरकून घ्यावे म्हणून गावोगावच्या बापांची जी एकच धांदल उडाली, तीत आजीचे वडीलही सामील होते. आजीचे वय तेव्हा अकरा; आणि अकरा वर्षांची घोडनवरी घरात बिनलग्नाची वावरते आहे या विचाराने त्या सत्पुरुषाचा डोळ्यास डोळा लागत नसे. त्याच्याही आधी, १८९१ साली, सरकारने संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा परकीय सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये म्हणून खुद्द लोकमान्यांनी लेखणी परजली होती आणि या पुण्यात सभा उधळण्यापर्यंत मजल गेली होती. पुढे माझ्या आईची पाळी आली. तिच्या वडिलांस घोर लागला तो मुलगी मॅट्रिक होऊन बसली, आता हिच्याहून अधिक शिकलेला मुलगा कोठून पैदा करावा याचा. कायद्याने १९७८ साली मुलीचे वय अठरावर नेले आणि त्यानंतर जी पिढी उपवर झाली तीत माझी पत्नी होती. पत्रिकेत मंगळ, बँकेत नोकरी, आणि वय पंचविशीकडे झुकलेले, अशा त्रिविध आपत्तीने माझे श्वशुर इतके जेरीस आले होते की, अखेर त्यांनी मला पसंत केले.

तात्पर्य, आजीच्या वडिलांची झोप उडाली ती मुलीला मुलगा मिळत नव्हता म्हणून. श्वशुरांची उडाली तीही त्याच कारणास्तव. आणि माझी उडाली आहे ती मुलीला मुलगा मिळाला, व तोही माझ्या तिळमात्र खटपटीवाचून, म्हणून.

प्रीती या विषयात मी मुळातच अरसिक आहे, असा ग्रह वाचकांनी करून घेऊ नये. १९८९ सालच्या अखेरीस 'मैंने प्यार किया' प्रदर्शित झाला, तेव्हा मी ऐन कॉलेजात होतो, आणि नायिका सांगलीच्या पटवर्धनांच्या घराण्यातली असल्यामुळे तो चित्रपट पुनःपुन्हा पाहणे हे प्रांतिक कर्तव्य समजून मी पार पाडले होते. त्या चित्रपटात नायिकेचा बाप प्रेमवीरास अशी अट घालतो की, एका महिन्यात स्वतःच्या अंगमेहनतीने दोन हजार रुपये कमावून दाखवशील तर मुलगी देईन. त्या क्षणी थिएटरातील आम्ही तमाम पोरे त्या बापावर दातओठ खात होतो. परवा तोच चित्रपट दूरदर्शन संचावर लागला असता मी तो समग्र पाहिला, आणि त्या बापाइतका समंजस, दूरदर्शी व व्यवहारकुशल पुरुष हिंदी चित्रपटसृष्टीने दुसरा निर्माण केला नसावा, अशी माझी खात्री पटली. त्याच्या करारात एकच उणीव राहिली. मूळ रकमेवर महागाई भत्ता आकारण्याचे कलम त्याने घातले नाही. दोन हजार रुपयांत हल्लीचा प्रेमवीर फर्ग्युसन रस्त्यावर पंधरा दिवसांची कॉफीही पाजू शकणार नाही.

आता प्रत्यक्ष दाव्याकडे वळतो. आमच्या खात्यात साधी वारसाची नोंद करावयाची झाली, तरी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, याच्या कलम १५० अन्वये तलाठी ती प्रथम फेरफार रजिस्टरात घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो, हितसंबंधित इसमांस नोटीस बजावतो, हरकत नोंदविण्यास पंधरा दिवसांची मुदत देतो, आणि हे सर्व यथास्थित पार पडल्यानंतरच मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो व सातबाऱ्यावर नाव चढते. बारा गुंठे जिराईत जमिनीच्या बाबतीत ज्या राज्यात एवढी दक्षता घेतली जाते, त्याच राज्यात मुलीच्या अंतःकरणात फेरफार होतो तेव्हा बापास साधी नोटीसही निघत नाही. त्यास वर्दी पोचते ती नोंद प्रमाणित होऊन, उताऱ्यावर नवे नाव चढून, बराच काळ लोटल्यावर. आणि तीही घरातील सर्वांच्या शेवटी. आमच्या घरी ही वार्ता प्रथम धाकटीस होती, मग तिच्या आईस, मग माझ्या आईस, मग पोळ्या करायला येणाऱ्या मावशींस, आणि मावशींनी एके सकाळी कणीक मळता मळता, "थोरल्या ताईंचा मित्र शाकाहारी आहे का हो, दादा?" असे विचारले, तेव्हा हा मजकूर माझ्या दप्तरी दाखल झाला.

मी त्याच रात्री चौकशी सुरू केली. थोरलीने जबानी द्यायला कोणतीही टाळाटाळ केली नाही, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

"बाबा, आम्ही फक्त एकमेकांना ओळखतोय अजून."

"ओळखायला इतके दिवस कशाला लागतात?"

"तुम्हांला आईला ओळखायला किती लागले होते?"

या प्रश्नास मी उत्तर दिले नाही. कारण आमच्या ओळखीचा समग्र कार्यक्रम अर्ध्या तासात आटोपला होता, त्यातील बराचसा वेळ कांदेपोह्यांत आणि उरलेला माझ्या पगाराच्या चौकशीत गेला होता, आणि ज्या स्त्रीसमवेत आयुष्य काढावयाचे तिला मी त्या बैठकीत, "पोहे छान झालेत," एवढे एकच वाक्य बोललो होतो; पोहे तिच्या मावशीने केले होते हे मला लग्नानंतर कळले. हा पुरावा प्रतिपक्षाच्या हाती देणे मला प्रशस्त वाटले नाही.

चौकशी निष्फळ ठरल्यावर राज्यकर्ते जे करतात तेच मी केले, हेरगिरीकडे वळलो. परंतु या कामी पुणे शहर हे बापास अत्यंत प्रतिकूल आहे. येथील दुचाकीवरील समस्त स्त्रीवर्ग ऊन, धूळ आणि धूर यांपासून संरक्षण म्हणून ओढणीने मस्तक, मुख व कंठ अशा रीतीने गुंडाळून घेतो की, डोळ्यांखेरीज कोणताही अवयव दृग्गोचर होऊ नये. ही पद्धत आरोग्यदृष्ट्या हितकर असेलही, पण ओळख पटविण्याच्या दृष्टीने तिचे परिणाम भीषण आहेत. एके सायंकाळी सिग्नलला माझ्या पुढेच एक स्कूटर उभी होती, चालविणारीच्या मस्तकावर थोरलीचीच निळी बांधणीची ओढणी होती, आणि मागे एक अपरिचित पुरुष निर्धास्तपणे बसला होता. मी श्वास रोखून पाहत राहिलो. सिग्नल सुटण्याच्या बेतात तिने ओढणी नीट करण्यासाठी ती क्षणभर सोडली, आणि आतून आमच्याच कचेरीतील नायब तहसीलदार मॅडम प्रकट झाल्या. मागील इसम त्यांचे यजमान होते. "काय हो, असे काय बघताय?" असे मॅडमनी विचारले, आणि मी त्यांना मार्चअखेरच्या वसुलीसंबंधी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. निळ्या बांधणीच्या त्या ओढण्या तुळशीबागेत ढिगाने मिळतात, हे ज्ञान मला त्या प्रसंगी झाले.

मग मी यंत्राचा आश्रय घेण्याचे योजिले. मोबाइलमध्ये अशी एक सोय असते की, कुटुंबातील प्रत्येक व्यक्ती या घटकेस कोठे आहे ते नकाशावर ठिपक्याच्या रूपाने दिसत राहते. ती सोय सुरू करण्याची विद्या मला अवगत नसल्याने मी थोरलीलाच ती सुरू करून मागितली. आणि तिने, "चालेल की, पण मग सगळ्यांचंच सगळ्यांना दिसेल हं," असे म्हणून ती तत्काळ करून दिली. या अटीतील खोच माझ्या ध्यानात आली नाही. त्यानंतर थोरलीचा ठिपका कॉलेजातून ग्रंथालयात, ग्रंथालयातून घरी असा इतक्या सद्वर्तनाने फिरू लागला की, त्याकडे पाहता पाहता मला डुलकी येई. उलट एका शनिवारी भर दुपारी माझाच फोन वाजला आणि पलीकडून थोरलीचा अत्यंत प्रेमळ आवाज आला: "बाबा, तुमचा ठिपका जिलबीच्या दुकानात काय करतोय? डॉक्टरांनी साखर बंद सांगितलीय ना?" माझ्या हातात तेव्हा दुसरी जिलबी होती. त्याच रात्री उभयपक्षी सन्मान्य तह होऊन सर्व ठिपके बंद करण्यात आले.

हेरगिरीतून हाती काही लागले नाही, तेव्हा मी शांत चित्ताने मूळ प्रश्नाकडे वळलो: हे दोघे भेटले तरी कोठे? संशयास्पद अशा साऱ्या स्थळांवर मी आधीपासूनच बंदी घातली होती. झेड ब्रिजवरून संध्याकाळी जाणे निषिद्ध. चित्रपटगृहास जाणे मैत्रिणींच्या घोळक्यातच. फेब्रुवारीच्या १४ तारखेस घराबाहेर पडणे सकारण. मात्र पावसाळा लागला की पुण्याच्या नदीकाठी ढोलताशांच्या पथकांचे जे सराव सुरू होतात, त्यांस जाण्यासाठी थोरलीने परवानगी मागितली, तेव्हा मी ती नुसती दिली नाही, तर आपली मुलगी गणरायापुढे ढोल वाजविणार या अभिमानाने तिला टिपरू मी स्वतः आणून दिले होते. आता चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे की, ढोल वाजविण्यापूर्वी तो ताणून घ्यावा लागतो. ताणण्याच्या कामी एकाने ढोल पायांत धरून दुसऱ्याने दोरी ओढावी लागते. आणि सरावाच्या पहिल्या दिवसापासून थोरलीचा ढोल जो ताणीत होता तोच तो. झेड ब्रिजवर मी पहारा बसविला होता, आणि दरवडा पडला तो देवळाच्या बाजूने.

यात नवल करण्याजोगे काही नाही, हे विचारान्ती उमगते. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय बापाने उपाहारगृहांवर व उद्यानांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे, आणि त्याच वेळी मुलीस गणेशोत्सवातील मेळ्यांस, सेवादलाच्या शिबिरांस, कॉलेजच्या स्नेहसंमेलनांस, पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींस आणि राजगड-तोरणा पदभ्रमणास स्वहस्ते डबा देऊन पाठवावे, ही रीत जुनीच आहे. संस्कृतीच्या नावाने जेथे जेथे आपण मुलींना निर्धास्तपणे धाडले, तेथे तेथे मुलेही त्यांच्या बापांनी त्याच निर्धास्तपणे धाडलेली होती. आमच्या नात्यागोत्यातील जेवढे म्हणून प्रेमविवाह झाले, त्यांपैकी एकाचाही उगम संशयास्पद स्थळी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही; बहुतेकांची सुरुवात नाटकाच्या तालमीत, आणि एकाची तर गीताधर्माच्या वर्गात झाली.

अखेर मी फर्मान काढले की, मजकूर इसमास घरी हजर करावे. तो एका रविवारी आला. मी आदल्या रात्री प्रश्नावली तयार करून ठेवली होती: पूर्ण नाव, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, पुढील पाच वर्षांचा इरादा, व्यसने, हेल्मेट वापरतो किंवा कसे. तो आला, माझ्या आईच्या व माझ्या पाया पडला, आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "काका, तुम्ही महसूलमध्ये आहात असं कळलं. एक विचारू का? आमच्या गावच्या जमिनीचा फेरफार दोन वर्षं अडकलाय."

मी म्हणालो, "कशाने अडकलाय?"

यापुढे काय घडले त्याबद्दल घरातील इतर साक्षीदारांत एकवाक्यता आहे. मी कपाटातून अधिनियमाची जुनी प्रत काढली. मुलाचे आजोबा वारले तेव्हा वारस म्हणून तिघा भावांची नावे लागली, दोन बहिणींची राहिली, आणि पुढे त्यांतील एकीने हरकत घेतली; ती हरकत तक्रारी नोंदींच्या रजिस्टरात गेली आणि तेथेच निजली. मी त्याला कागदावर वंशावळ काढून दाखविली, कोणता अर्ज कोणाकडे करावा ते सांगितले, आत्यांची नावे वगळणे कायद्याने आणि नीतीनेही गैर आहे हे समजावले, आणि त्यावर तो, "मीही घरी तेच म्हणत होतो, काका, पण कोणी ऐकत नव्हतं," असे म्हणाला. दोन वेळा चहा झाला. तो गेल्यावर पत्नीने स्वयंपाकघरातून येऊन विचारले, "काय हो, आडनाव काय त्याचं? वडील काय करतात?" मला त्याच्या जमिनीचा गट क्रमांक ठाऊक झाला होता, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये ठाऊक झाले होते, आकार किती रुपये-पैसे तो ठाऊक झाला होता, विहिरीत त्याचा हिस्सा कितवा हेही ठाऊक झाले होते. आडनाव विचारावयाचे राहिले होते.

माझी आई एवढेच म्हणाली, "अरे, मुलगा दारातून आला, चहा पिऊन गेला, आत्यांच्या बाजूने बोलला, आणखी काय हवं तुला? तुझे वडील लग्नानंतर दोन महिने माझ्याशी धड बोलले नव्हते."

येथवर वाचून कोणास वाटेल की, एवंच सर्व सुरळीत झाले आणि कैफियत निकाली निघाली. तसे नाही; खरा मुद्दा येथेच सुरू होतो. त्या रविवारनंतरही मी रात्री जागाच राहिलो. थोरली यायची असे तेव्हा गॅलरीत, ती आल्यावर धाकटीच्या भवितव्याच्या विचारात अंथरुणावर. आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सज्जन, पापभीरू. त्यांस एकुलता एक चिरंजीव असून तो थोरलीच्याच वयाचा आहे. एकदा सोसायटीच्या कट्ट्यावर आम्ही बोलत बसलो असता मी त्यांस सहज विचारले, "तुमचे चिरंजीव रात्री किती वाजता येतात हो?"

ते म्हणाले, "काय की! किल्ली असते त्याच्याजवळ."

"कोणाबरोबर असतो?"

"असेल कोणी मैत्रीणबित्रीण. मुलगाच आहे, त्याला काय होतंय?"

आणि जांभई देऊन ते झोपावयास गेले.

मी मात्र त्या उत्तराने खिळून बसलो. एका स्कूटरवर दोघे जण सिंहगडास जातात. तीच भजी खातात, त्याच पावसात भिजतात, त्याच घाटातून काळोख पडल्यावर परततात. जोखीम एकच, रस्ता एकच, पेट्रोलही एकच. पण त्या दोघांपैकी एकीचा बाप गॅलरीत येरझारा घालीत असतो आणि दुसऱ्याचा बाप किल्लीवर भरवसा ठेवून घोरत असतो. याला आमच्या खात्याच्या भाषेत नाव आहे. एकाच शिवारातील दोन शेतांपैकी एकावर पुरा धारा बसवावयाचा आणि दुसरे सरसकट माफ करावयाचे, याला इनाम म्हणतात. महाराष्ट्रातील पुत्रवंत हे इनामदार आहेत. जुने इनामदार निदान जुडी म्हणून काही नाममात्र रक्कम सरकारात भरीत. हे तेवढीही भरीत नाहीत. माझ्या पदरी पुत्र असता तर मीही हाच इनाम बिनतक्रार उपभोगला असता, याविषयी मला शंका नाही. म्हणून तर ही पद्धत व्यक्तीच्या सद्भावावर सोडून चालत नाही.

बरे, कन्यावंतांची चिंता कशाची असते, हे कोणी नीट विचारतच नाही. लोकांस वाटते, मुलगी प्रेमात पडेल याचे बापास भय असते. ते भय थोडेबहुत असते. पण ते मत्सराचे असते, आणि जिलबी खाल्ल्याने जाते. खरे भय निराळे. ती 'नको' म्हणाली तर तो ऐकेल काय. भांडण झाले तर तो दारासमोर येऊन उभा राहील काय. तिने विश्वासाने पाठविलेले छायाचित्र तो चारचौघांत फिरवील काय. संबंध तुटला तर तो मुकाट्याने आपल्या वाटेने जाईल काय, की तिचा पाठलाग करील. ही यादी पुन्हा वाचून पाहावी. हिच्यातील एकाही मुख्य क्रियापदाचा कर्ता माझी मुलगी नाही. प्रत्येक वाक्याचा कर्ता कोणाचा तरी मुलगा आहे. आणि त्याचा बाप झोपला आहे. मी माझ्या मुलीस कितीही बंदोबस्तात ठेवले, तरी ज्या जमिनीतून पीक येणार तिची पाहणी माझ्या हद्दीत नाहीच.

शिवाय मुलाला काही होत नाही, हा समजही कायद्याच्या अज्ञानावर उभा आहे. २०१२ साली झालेल्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलगी ही बालक ठरते आणि तिची संमती कायद्याच्या दृष्टीने संमतीच नव्हे. तेव्हा माझ्या धाकटीच्या वयाच्या मुलीशी एखाद्या मुलाने मर्यादा ओलांडली, तर तिने मान डोलावली होती ही सबब त्यास उपयोगी पडत नाही. तो सज्ञान असेल तर खटला न्यायालयात चालतो, नसेल तर बाल न्याय मंडळापुढे जावे लागते. हे वाचून ज्याची झोप उडावयास हवी, तो मुलीचा बाप नव्हे. परंतु इनामदारांनी कायदे वाचण्याची प्रथा नाही.

इनामांचे पुढे काय झाले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. इंग्रजांनी १८५२ साली इनाम कमिशनला कायद्याचे बळ दिले आणि ज्यांना सनद दाखविता आली नाही त्यांची इनामे खालसा केली. त्याने असंतोष माजला खरा. पण स्वराज्य आल्यावर आपल्याच मुंबई सरकारने १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने आणि १९५२ च्या कायद्याने वैयक्तिक इनामे रद्द केली, आणि त्याने आभाळ कोसळले नाही. आमच्या घराण्याचेही वतन त्यांतील पहिल्याच कायद्याने गेले. आजोबा चार दिवस चडफडले, मग शाळेत मास्तर झाले, आणि पुढे आयुष्यभर सांगत राहिले की, धारा सर्वांनी भरावा हेच बरे. पुत्रवंतांजवळ आपल्या माफीची कोणतीही सनद नाही. असल्यास त्यांनी ती दाखल करावी.

तरी समस्त पुत्रवंतांस या कैफियतीद्वारे विनंती अशी की, चिरंजीवांजवळ किल्ली असली तरी त्यांच्या परतण्यापर्यंत आपण जागे राहावे. ते आले म्हणजे त्यांस समोर बसवून विचारावे: कोणाबरोबर होतास, तिला घरापर्यंत पोचवलेस काय, तिचे वय काय, आणि ती 'नको' म्हणाली तेव्हा ऐकलेस काय. उत्तर येताना मुलगा अडखळला, तर त्या रात्री आपणही गॅलरीत यावे. मी खाली असतोच, गप्पा मारू. एवढा धारा आपण नियमाने भरीत गेलात, तर आम्ही कन्यावंत पूर्ण सूट मागणार नाही. निम्मी चिंता आम्ही पूर्ववत वाहू. मागील पिढ्यांची थकबाकी आम्ही माफ केली आहे. चालू सालचा हप्ता मात्र आज रात्रीपासून देय आहे.